एन-11 चा लांबचा फेरा

चंद्रपूरहून एसटीत बसलात की मूल, सावली, व्याहाड करत, वैनगंगेचा पूल ओलांडून दोनेक तासांत गडचिरोली येतं. अंतर साधारण 80 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेगानं जाणारं विमान हेच अंतर सहा मिनिटांत कापेल!

पण आज गोष्ट आहे वेगळ्याच प्रवाशाची. त्याचं नाव एन-11. हे पांढऱ्या पाठीचं गिधाड हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून जानेवारी 2024 मध्ये ताडोबाच्या जंगलात आलं. सोबत आणखी नऊ गिधाडं होती. तिथं बोटेझरीला मोठ्या पिंजऱ्यात सगळी काही महिने राहिली. मग त्यांच्या अंगावर छोटी जीपीएस यंत्रं बांधली आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. एन-11 जे उडालं, ते काही महिन्यांनी पार तमिळनाडूत, पुदुकोट्टई जिल्ह्यात सापडलं!

नकाशा काढा बरं. ताडोबा ते पुदुकोट्टई पट्टीनं सरळ रेघ मारली तर अंतर भरतं जेमतेम 1100 किलोमीटर. विमानाला दीड तास पुरे. एन-11 मात्र उडालं सुमारे 4000 किलोमीटर. जवळजवळ चौपट!

मग ते वाट चुकलं का? अहो, त्याला पुदुकोट्टईलाच जायचं होतं असं कुणी सांगितलं? आपण गाव ठरवून तिकीट काढतो. गिधाड खाणं दिसेल तिकडे वळतं आणि वारा नेईल तसं जातं.

वारा कसा नेतो, ते एखाद्या उन्हाच्या दिवशी अंगणातून बघा. दहा-अकरा वाजले की जमीन तापते. तिच्यालगतची हवा गरम होते, हलकी होते आणि वर चढू लागते. डोक्यावर एखादी घार गोल गोल फिरताना दिसेल. नीट बघा, ती पंख हलवतच नाही, तरी प्रत्येक फेरीला थोडी वर गेलेली असते! गिधाडही असंच करतं. दोन मीटरांहून लांब पंख पसरून ते त्या चढत्या हवेत शिरतं, गिरक्या घेत उंच जातं आणि तिथून घसरगुंडीवरून यावं तसं पुढं तरंगत जातं. खाली येत येत दुसरी चढती हवा गाठायची, की पुन्हा वर. चार-पाच किलोचं धूड नुसतं पंख मारत इतकं लांब गेलं असतं तर दमून गेलं असतं. सूर्य कलला की ही हवा थंडावते, म्हणून गिधाडाचा मुक्काम झाडावर. रात्रीची गाडी त्याला नाही!

पूर्वी आपल्या आकाशात अशी गिधाडं खूप असायची. मग गुरांना डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक औषध देऊ लागले. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. शंभरातलं एखादंच उरलं. गुरांसाठी हे औषध 2006 मध्ये बंद झालं. गडचिरोलीत तर वनखात्यानं गिधाडांसाठी चक्क 'उपाहारगृहं' काढली. ठरलेल्या जागी मेलेली, पण औषध न दिलेली जनावरं ठेवायची. या, बसा, पोटभर जेवा!

म्हणून उद्या अकराच्या सुमारास मान वर करा. घारीहून खूप मोठं, रुंद पंखांचं, आखूड शेपटीचं कुणी गिरक्या घेताना दिसलं, तर आजीला हाक मारा. तिला ते लगेच ओळखू येईल.