पाणी उडते, क्षार उरतात

तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरी पुटे चढतात. बोअरच्या पाण्याची ही लक्षणे गृहिणींना पाठ आहेत. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ असे भारदस्त नाव होते. तेच पाणी दारातल्या मोटारीवर पडले की मात्र आपण हे सारे विसरतो. काचेवर, बॉनेटवर पांढरट ठिपके दिसले की म्हणतो, ‘गाडी नीट पुसलेली नाही!’

वास्तविक हा दोष पुसण्याचा कमी आणि पाण्याचा जास्त. जमिनीत मुरणारे पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणते. थेंब उन्हात वाळतो, पाणी उडून जाते, क्षार जागेवर राहतात. आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. रक्कम निघून गेली तरी नोंद मागे उरतेच.

थोडा हिशेब मांडू. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. या ६०० च्या हिशेबाने पंधरा लिटरच्या बादलीत नऊ ग्रॅम चुनखडी विरघळलेली असते, आणि तरीही पाणी डोळ्यांना नितळ दिसते.

डाग ताजे असतील तर उपाय स्वयंपाकघरातच आहे. पांढरे व्हिनेगर आणि तितकेच साधे पाणी एकत्र करावे. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, आधी एका कोपऱ्यावर प्रयोग करून पाहावा. मग मऊ फडके त्यात भिजवून डागावर दोन-तीन मिनिटे ठेवावे, अलगद पुसावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. काचेलाही हीच रीत. न्हाणीघराचे ॲसिड, भांड्यांची घासणी किंवा कोरडे फडके यांनी जोर काढू नये. डाग परवडला, पण ओरखडा नको, अशी पाळी येते.

महिनोन् महिने उन्हात भाजलेला डाग मात्र रंगावरच्या पारदर्शक थरात खड्डा पाडतो. तिथे व्हिनेगर हात टेकते. पॉलिशच करावे लागते. तो थर माणसाच्या केसाएवढा, बहुधा त्याहूनही पातळ. दर पॉलिशला त्यातला थोडा खर्ची पडतो आणि त्या खात्यात पुन्हा भरणा होत नाही. काचेवरचे हट्टी डाग सेरियम ऑक्साइडच्या भुकटीने घासून काढतात. ते काम जाणकारावर सोपवावे.

अलीकडे आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुण्याची पद्धत पडली आहे. काटकसर स्तुत्यच, पण गाळून काढलेले क्षार नेमके त्याच पाण्यात जमा झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. गाडीवर शेवटचा हात फिरवायला पावसाचे साठवलेले किंवा कमी क्षाराचे अर्धी बादली पाणी पुरते.

हे सगळे सांगायचे कारण केवळ गाडीची चकाकी नव्हे. वसाहतीत पहाटे गाड्या धुणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-पंधरा गाड्या उरकतो. तो पाचव्या गाडीपाशी पोहोचतो तोवर पहिलीवर ऊन आलेले असते. नऊ वाजता मालक खाली उतरतात, ठिपके पाहतात आणि त्याला बोल लावतात. कुणी महिन्याच्या पैशातून काही कापूनही घेतात. बोअर किती खोल मारायची हे त्याने ठरवलेले नसते आणि टँकर कुठून आला हे त्याला कुणी सांगत नाही. पाणी आपण निवडतो, डाग त्याच्या नावावर पडतो.

त्याला एक जादा कोरडे फडके द्यावे, गाडी शक्यतो सावलीत लावावी, आणि एक गाडी पुसून झाल्यावरच दुसरी भिजवायला सांगावे. तरीही ठिपके दिसलेच, तर पैसे कापण्यापूर्वी त्याच्या बादलीतले पाणी काळ्या ताटलीत चमचाभर वाळवून पाहावे. खाते कुणाचे, ते तिथे स्वच्छ वाचता येईल.