अमेरिकेतील कैद्यांच्या निराधार दाव्यांवरील न्यायालयीन निर्बंध

वकिलाशिवाय स्वतःच आपली बाजू मांडणारा कैदी जेव्हा एकामागून एक निराधार दिवाणी दावे दाखल करतो, तेव्हा त्याच्या पुढील दाव्यांवर अमेरिकेतील संघीय न्यायालये काही अटी घालतात. या अटींचा मुख्य आधार म्हणजे १९९६ साली संमत झालेला ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट’ हा कायदा होय. सर्वोच्च न्यायालयाने आपल्यापुरते वेगळे नियमही केले आहेत. या निर्बंधांनी दावा करण्याचा हक्क काढून घेतला जात नाही. निर्धन व्यक्तीला मिळणारी शुल्काची सवलत तेवढी काढून घेतली जाते. ज्याच्या खात्यात पैसेच नाहीत, त्याच्या दृष्टीने मात्र हा फरक बहुधा कागदावरच राहतो.

== पार्श्वभूमी ==
निर्धन पक्षकाराला शुल्क आधी न भरता संघीय न्यायालयात दाद मागण्याची मुभा १८९२ पासून आहे. कैद्याने न्यायालयाला लिहिलेला अर्ज कारागृहाचे अधिकारी अडवू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये ठरविले. फ्लोरिडातील कैदी क्लॅरेन्स गिडियन याने तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावरूनच १९६३ चा प्रसिद्ध निकाल लागला आणि गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत गरीब आरोपीला राज्याने वकील द्यावा, हे तत्त्व प्रस्थापित झाले. कायद्याचे शिक्षण नसलेल्या कैद्याने लिहिलेला दावा वकिलाच्या दाव्याइतक्या काटेकोरपणे तपासू नये, असे ‘हेन्स विरुद्ध कर्नर’ (१९७२) या प्रकरणात सांगण्यात आले. दिवाणी दाव्यासाठी सरकारकडून वकील मिळण्याचा हक्क मात्र कैद्याला नाही.

पुढे दाव्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९७५ मध्ये सुमारे ६,६०० असलेले कैद्यांचे दावे १९९४ मध्ये ३९,००० च्या वर गेल्याचे सिनेटमध्ये सांगण्यात आले. याच काळात कैद्यांची संख्याही कित्येक पटींनी वाढली होती, हे हा आकडा वाचताना विसरता येत नाही. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी हास्यास्पद वाटणाऱ्या दाव्यांची उदाहरणे दिली. शेंगदाण्याचे मऊ लोणी मागितले असता दाणेदार मिळाले म्हणून एका कैद्याने दावा लावला, हे त्यांतले सर्वाधिक गाजलेले उदाहरण. संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागदपत्रे पाहिली, तेव्हा निराळीच हकीकत निघाली. कैद्याने चुकीची बरणी परत केली होती. नंतर त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली, आणि कधीही न मिळालेल्या वस्तूचे अडीच डॉलर त्याच्या खात्यातून वजा राहिले. तक्रार लहान होती, पण खोटी नव्हती. खरोखरच निरर्थक दावे पुष्कळ होते, हे न्यूमन यांनाही मान्य होते.

== १९९६ च्या कायद्यातील तरतुदी ==
या कायद्याने कैद्यांना शुल्काची पूर्ण माफी मिळणे बंद झाले. दावा दाखल करण्याचे ३५० डॉलर शुल्क हप्त्यांनी वसूल होते: सुरुवातीला आधीच्या सहा महिन्यांतील सरासरी जमेच्या किंवा शिलकेच्या, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्या, २० टक्के, त्यानंतर खात्यात १० डॉलरहून अधिक रक्कम असेल तेव्हा मागील महिन्याच्या जमेच्या २० टक्के. तुरुंगातील कामाची मजुरी अनेक ठिकाणी ताशी काही सेंट इतकीच असते. दाव्यापूर्वी कारागृहातील तक्रार निवारणाचे सर्व टप्पे पूर्ण करणेही बंधनकारक झाले.

सर्वांत कडक तरतूद ‘थ्री स्ट्राइक्स’ या नावाने ओळखली जाते. हे नाव बेसबॉलवरून आले आहे. त्या खेळात तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होतो. कैदेत असताना केलेले तीन दावे किंवा अपिले क्षुल्लक, दुष्ट हेतूने केलेली किंवा कायद्याने दाद देण्याजोगी बाब न मांडणारी म्हणून फेटाळली गेली, की पुढील दाव्याचे संपूर्ण शुल्क आधीच भरावे लागते. गंभीर शारीरिक इजेचा धोका नजीक येऊन ठेपला असेल, तर मात्र सवलत कायम राहते.

यांतील तिसरे कारण वादाचे ठरले. अपुरा मांडलेला प्रत्येक दावा क्षुल्लक असतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच ‘नाइट्झके विरुद्ध विल्यम्स’ (१९८९) या निकालात स्पष्ट केले होते. १९९६ च्या कायद्याने या बाबतीत दोघांना एकाच मापाने मोजले. ‘कोलमन विरुद्ध टॉलेफसन’ (२०१५) या निकालानुसार अपील प्रलंबित असतानाही फेटाळलेला दावा मोजला जातो. पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही मोजावा, असे ‘लोमॅक्स विरुद्ध ऑर्टिझ-मार्केझ’ (२०२०) मध्ये ठरले. म्हणजे मजकूर नीट न लिहिता आल्यामुळे फेटाळलेला दावा आणि केवळ त्रास देण्यासाठी केलेला दावा हे मोजणीत सारखेच.

== सर्वोच्च न्यायालयाचे नियम ==
सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘इन री मॅक्डोनाल्ड’ या प्रकरणात एका अर्जदाराला काही प्रकारच्या अर्जांसाठी शुल्कमाफी यापुढे मिळणार नाही, असा आदेश प्रथमच दिला. निकाल पाच विरुद्ध चार असा होता. अर्ज न वाचताच तो निरर्थक ठरविल्याने एखाद्या दिवशी रास्त तक्रारही बाहेरच राहील, अशी भीती न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी भिन्नमतात व्यक्त केली. १९९२ च्या ‘मार्टिन’ प्रकरणापासून अशा आदेशाचा एक साचाच तयार झाला: शुल्क भरल्याशिवाय आणि छापील पुस्तिकेच्या स्वरूपात याचिका दिल्याशिवाय फौजदारीव्यतिरिक्त प्रकरणे स्वीकारू नयेत. एरवी वकील नसलेल्या निर्धन कैद्याला केवळ एक मूळ प्रत पुरते. पुस्तिकेच्या नियमानुसार मात्र ४० प्रती लागतात.

== भारतातील स्थिती ==
भारतात कैद्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रात १९७१ चा उपद्रवी दाव्यांना प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्यानुसार महाधिवक्त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालय एखाद्या व्यक्तीला परवानगीशिवाय दावे करण्यास मनाई करू शकते. तो कोणालाही लागू होतो. कैद्यांच्या बाबतीत भारतीय सर्वोच्च न्यायालयाची वाटचाल उलट दिशेने झालेली दिसते. ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७८) या निकालाने अपिलासाठी कैद्याला मोफत विधी साहाय्य मिळण्याचा मार्ग खुला केला, तर तिहार तुरुंगातील सुनील बात्रा यांनी दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले साधे पत्रच न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले आणि त्यावर १९७९ मध्ये निर्णय दिला.