वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची वसाहत व ख्रिस्ती साहाय्यकार्य

महाराष्ट्रात ‘मिशन’ हा शब्द उच्चारला असता जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते बहुधा शाळा, दवाखाना आणि अनाथाश्रम यांचे असते. आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या प्रदेशात, म्हणजे पूर्वीच्या पश्चिम खानदेशात, हे चित्र विशेष परिचयाचे आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील कार्य भिल्ल, मावची आदी स्थानिक समाजांत चालले. सेवा करणारे परके आणि सेवा घेणारे भूमिपुत्र, असे त्याचे स्वरूप होते. परंतु ख्रिस्ती साहाय्याचा याहून अगदी निराळा, किंबहुना उलट क्रमाचा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ घडून आला. तेथे साहाय्य घेणारेच परदेशी होते. त्यांना कोणताही नवा धर्म सांगावयाचा नव्हता. असलेला धर्म, भाषा आणि कुटुंब ही कशी टिकवावी हा तेथील प्रश्न होता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून त्या देशात शिरले. पूर्व पोलंडमधील शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, अधिकारी व सैनिक यांची कुटुंबे १९४० व १९४१ या दोन वर्षांत चार लाटांत सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातील अरण्यप्रदेश येथे हद्दपार करण्यात आली. सोव्हिएत दप्तरांवरून ही संख्या तीन लाखांहून अधिक भरते. जुन्या पोलिश लेखकांनी ती दहा लाखांच्या वर सांगितली आहे. १९४१ च्या जून महिन्यात जर्मनीने रशियावर हल्ला करताच परिस्थिती पालटली. लंडन येथील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला, हद्दपारांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली. या सेनेच्या आश्रयाने १९४२ साली सुमारे १,१५,००० लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोक सैनिक नव्हते. त्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध माणसे होती. उपासमारीने आणि प्रलापक ज्वराने खंगलेल्या कित्येकांचा प्रवास त्या किनाऱ्यावरच संपला.

इराणमध्ये इतक्या लोकांना ठेवणे अशक्य असल्यामुळे पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड व भारत येथे त्यांची पांगापांग झाली. भारतात प्रथम आली ती अनाथ मुले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे त्यांच्यासाठी १९४२ साली छावणी उघडली. या मुलांसाठी जो निधी उभारण्यात आला, त्याच्या व्यवस्थापनात दिल्लीच्या आर्चबिशपांचा सहभाग होता. कुटुंबांची सोय मात्र याहून मोठी व दीर्घ मुदतीची करावी लागणार होती. त्यासाठी पंचगंगेच्या काठची, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील वळिवडे येथील जागा निवडण्यात आली. कराची येथील तात्पुरत्या छावण्यांतून १९४३ च्या मध्यापासून लोक येऊ लागले आणि लवकरच त्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास गेली.

या वसाहतीचे श्रेय लोकप्रिय लेखनात पुष्कळदा एखाद्या उदार महाराजांना देण्यात येते. बालाचडीच्या बाबतीत ते यथार्थ आहे. वळिवड्याच्या बाबतीत नाही. राजाराम महाराज १९४० साली निवर्तले होते आणि १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर एक अज्ञान बालक होते. जागा संस्थानातील, देखरेख हिंदुस्थान सरकारची आणि खर्च लंडनच्या पोलिश सरकारचा, म्हणजे ब्रिटिश खजिन्यातून त्याच्या खाती मिळणाऱ्या कर्जाचा, अशी ही व्यवस्था होती. त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटावे हे स्वाभाविक आहे. तथापि निर्वासितांच्या तोंडचा घास भारतीय दुष्काळनिधीतून काढलेला नव्हता, हेही नोंदविणे न्यायाचे ठरेल.

मग यात ख्रिस्ती साहाय्य नेमके कोणते? येथे दोन गोष्टींची गल्लत होण्याचा संभव असतो. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का या पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी या नात्याने निर्वासितांसाठी अहोरात्र झटल्या. पुढे त्या भारतातच राहिल्या आणि २००२ साली हैदराबाद येथे शंभरी ओलांडून निवर्तल्या. परंतु रेड क्रॉस ही धर्मसंस्था नव्हे. तिचे चिन्ह स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलट करून घेतलेले आहे. धर्मसंस्थेचे कार्य वेगळे होते. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९४३ साली जी युद्धसाहाय्य संस्था स्थापन केली, तिच्या आरंभीच्या कार्यात मेक्सिकोतील सांता रोसा येथील पोलिश वसाहतीचा समावेश होता. पुढे हीच संस्था कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. भारतात धर्मगुरू निर्वासितांबरोबरच राहिले. पांचगणी येथील हवा दुर्बल फुप्फुसांच्या मुलांना मानवेल म्हणून काहींची सोय तेथे झाली आणि काही मुली तेथील जोगिणींच्या शाळेत शिकल्या.

वळिवड्याचे वैशिष्ट्य घरांच्या रचनेवरून कळते. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौले अशा लांबच लांब चाळी होत्या. परंतु प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर मिळाले होते. निर्वाहाचा भत्ता रोख मिळत असल्याने प्रत्येक आई आपली चूल आपण पेटवीत असे. सामुदायिक भोजनगृहात रांगेने उभे राहणाऱ्या माणसाला आपण कुटुंबातील आहोत याची हळूहळू विस्मृती होते. येथे ती होऊ दिली गेली नाही. पुरुष बहुतेक आघाडीवर होते, काही रशियात नाहीसे झाले होते. अशा पित्याविना चाललेल्या घरांना बाहेरून बांधून ठेवणारी संस्था म्हणजे देऊळ, शाळा आणि बालवीर पथक. प्राथमिक शाळांपासून महाविद्यालयपूर्व वर्गांपर्यंत सर्व शिक्षण पोलिश भाषेत दिले जाई. देवळातील रविवारची उपासना, मुलांचे प्रथम ख्रिस्तप्रसादग्रहण आणि नाताळची भक्तिगीते यांनी वर्षाला आकार येई. पोलंडमध्ये कॅथलिक पंथ आणि राष्ट्रीयत्व ही अठराव्या शतकाच्या अखेरच्या फाळणीपासून एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे धर्मगुरू हा तेथे केवळ उपासना चालविणारा राहत नाही. तो भाषेचा आणि इतिहासाचाही राखणदार ठरतो.

या राखणदारीची कसोटी युद्ध संपल्यावर लागली. १९४५ च्या जुलै महिन्यात ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सा येथील नव्या राजवटीस दिली. ज्यांची गावे सोव्हिएत संघात समाविष्ट झाली होती, त्यांना ‘मायदेशी परत जा’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच देशात जा असे सांगणे होते. प्रौढांना निदान नकार देता येत होता. अनाथ मुलांचे काय? त्यांना परत पाठवावे अशी मागणी झाली, तेव्हा जामसाहेब, बालाचडीचे धर्मगुरू फादर फ्रांचिशेक प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून त्या मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले व त्यांची सक्तीची रवानगी टाळली. हिंदू राजा आणि कॅथलिक पाद्री यांनी एकाच कागदावर पालक म्हणून यावे, असा प्रसंग भारतीय धर्मसंस्थांच्या इतिहासात विरळाच. वॉर्साच्या दृष्टीने हे मुलांचे अपहरण होते. त्या बाजूचे म्हणणे अगदीच निराधार मानता येत नाही, कारण काही मुलांचे नातलग पोलंडमध्ये जिवंत असण्याचा संभव होता. परंतु ज्या सत्तेने आईबापांना हद्दपार केले तिच्याच छत्राखाली लेकरांना धाडण्यास त्यांचे सांभाळकर्ते तयार झाले नाहीत. १९४६ साली बालाचडी बंद झाल्यावर उरलेली मुले वळिवड्यास आली.

पुढील दोन वर्षे पांगापांगीची होती. सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनने सामावून घेतले. काही लोक पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, काही ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत गेले, थोडे पोलंडला परतले. क्वचित एखादी तरुणी कोल्हापुरातच विवाह करून राहिली. १९४८ च्या आरंभी वसाहत रिकामी झाली. परंतु तिच्या चाळी फार दिवस ओस पडल्या नाहीत. फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथेच आसरा देण्यात आला आणि त्यातून गांधीनगर ही वस्ती उभी राहिली. कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी आज ती दक्षिण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे.

कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत वसाहतीत मरण पावलेल्या पोलिश माणसांच्या कबरी आहेत आणि महावीर उद्यानात एक स्मारकस्तंभ आहे. २०१९ साली युद्धारंभास ऐंशी वर्षे झाली त्या निमित्ताने वळिवडे येथेही स्मारक उभारण्यात आले. त्या समारंभास पूर्वीच्या वसाहतीत वाढलेली, आता वृद्ध झालेली काही माणसे पोलंड व इतर देशांतून आली होती.