जहाज-व्यवसायातील घसारा : स्वरूप आणि महत्त्व

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरचे नाव जहाज-व्यवसायाशी जोडले गेले ते शेठ वालचंद हिराचंद (1882–1953) यांच्यामुळे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांसह 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी 5 एप्रिल रोजी कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. या घटनेचे राष्ट्रीय महत्त्व सर्वविदित आहे. तिची हिशेबशास्त्रीय बाजूही तितकीच उद्बोधक आहे.

‘लॉयल्टी’ नवी नव्हती. 1890 मध्ये जलावतरण झालेली ही बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होय. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती रुग्णनौका म्हणून घेतली होती. सिंदिया कंपनीकडे आली तेव्हा तिला 28 वर्षे झाली होती आणि 1923 मध्ये ती मोडीत निघाली. अशा जहाजाची खरेदी-किंमत नव्या मालकाला चारपाच वर्षांच्या उत्पन्नातूनच भरून काढावी लागते. म्हणून घसाऱ्याचा कालावधी जहाजाच्या एकूण आयुष्यावरून नव्हे, तर विद्यमान मालकाला त्याचा जितका उपयोग होणार त्यावरून ठरतो.

घसारा म्हणजे बाजारभावातील घट नव्हे. मूळ किमतीतून मोडीची अपेक्षित किंमत वजा करून उरणाऱ्या रकमेची उपयुक्त वर्षांवर केलेली ती वाटणी होय. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत सुट्या मालाच्या जहाजांना 25, खनिज तेलवाहू जहाजांना 20, तर किनारी वाहतुकीच्या जहाजांना 30 वर्षांचे आयुष्य धरले आहे. अवशिष्ट मूल्य सामान्यतः 5 टक्क्यांहून अधिक नसावे, असा दंडक आहे. उदाहरणार्थ, 100 कोटी रुपयांच्या मालवाहू जहाजावर सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी 3.80 कोटी रुपये घसारा येईल.

यात गोदीतील नियतकालिक दुरुस्तीचा खर्च निराळा धरावा लागतो. अशा दुरुस्तीस 3 कोटी रुपये लागले आणि पुढील दुरुस्ती 30 महिन्यांनी असेल, तर ती रक्कम त्याच अवधीत, म्हणजे वार्षिक 1.20 कोटी याप्रमाणे, खर्ची पडते. संगणकप्रणाली, परवाने यांसारख्या अमूर्त मालमत्तेच्या अशाच क्रमशः अपलेखनास अमॉर्टायझेशन म्हणतात. अनेक उद्योग चालविणाऱ्या कंपनीत हे आकडे विभागवार दाखविले नाहीत, तर जहाज-विभागाचा भांडवली भार इतर विभागांच्या नफ्याआड दडून राहतो.

या भाराची खरी कसोटी दरयुद्धात लागते. सिंदियाला प्रस्थापित ब्रिटिश कंपन्यांच्या भाडेकपातीस तोंड द्यावे लागले. जहाज एकदा घेतल्यावर त्याची किंमत परत न येणारी असते. म्हणून कोळसा, खलाशांचे वेतन व बंदरशुल्क भागवून काही शिल्लक उरत असेल, तर तोट्याच्या दरानेही फेरी करणे अल्पकाळात शहाणपणाचे ठरते. घसाऱ्यापोटी त्या वर्षी रोकड बाहेर जात नाही. परंतु या सवलतीला मुदत आहे. बोट मोडीत निघण्याच्या दिवशी दुसरी घेण्याइतके द्रव्य साठले नसेल, तर कंपनीचा व्यवसायही तिच्याबरोबरच संपतो. घसारा कमी दाखवून वाटलेला लाभांश हा वस्तुतः भागधारकांना परत केलेला भांडवलाचाच अंश असतो. शिवाय घसारा मूळ किमतीवर आकारला जातो, नवे जहाज मात्र चालू भावाने घ्यावे लागते. यास्तव घसाऱ्याच्या जोडीस स्वतंत्र राखीव निधी उभारणे, हाच नौकाताफा टिकविण्याचा विश्वसनीय उपाय होय.