हँडलवरचा हिशेबनीस

फरशीवर खडूने एक रेघ मारा. सायकलच्या पुढच्या चाकाचा वॉल्व्ह बरोबर त्या रेघेवर, अगदी तळाला येईल अशी सायकल उभी करा. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा आणि सीटवर बसा. बसूनच करायचं, कारण आपल्या वजनाने टायर किंचित दबतो. मागून कुणाला तरी धरायला सांगा आणि सायकल सरळ पुढे जाऊ द्या. वॉल्व्ह पुन्हा तळाला आला की तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपने मिलिमीटरमध्ये मोजा. ७०० बाय २८च्या टायरला तक्त्यात २१३६ हा आकडा छापलेला असतो. माझ्या चाकाचा घेर २१२८ भरला.

तार आणि चुंबकवाल्या साध्या सायकल कॉम्प्युटरचा सगळा कारभार या एका आकड्यावर चालतो. चाकाच्या एका आऱ्यावर छोटं चुंबक, चिमट्याच्या दांडीवर त्याच्यासमोर एक बारीक स्विच, मध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फट. चुंबक समोरून गेलं की स्विच मिटतो आणि कॉम्प्युटर एक फेरा मोजतो. फेरे गुणिले घेर म्हणजे अंतर, त्याला वेळेने भागलं की वेग. घेर चुकला की सगळं चुकलं. ३५च्या टायरला २१६८ भरायच्या ऐवजी २५च्या टायरचा २१०५ तसाच राहिला, तर २०० किलोमीटरच्या राइडला यंत्र १९४ दाखवतं. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला हे सहा किलोमीटर फार लागतात.

चाकाचे फेरे मोजायची ही कल्पना सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडर यांनी १८९५मध्ये आपला सायक्लोमीटर बाजारात आणला. आऱ्यावर बसवलेली खीळ दर फेऱ्याला एका छोट्या दातेरी चाकाला टिचकी मारायची आणि आत आकडे सरकायचे. हीच कंपनी पुढे व्हीडर-रूट झाली आणि पेट्रोल पंपांवरची आकडे फिरवणारी यंत्रं बनवू लागली. पंपावर गाडी उभी करून आपण ज्या आकड्यांकडे टक लावून बघतो, त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष सायकलच्या चाकाला लटकलेला होता, हे मला फार आवडतं.

ओसाकाच्या कॅटआयने १९८१मध्ये आपला पहिला इलेक्ट्रॉनिक सायकल कॉम्प्युटर काढला. त्याच सुमारास, १९८२मध्ये, फिनलंडच्या पोलारने हृदयाचे ठोके बिनतारी मोजणारा छातीचा पट्टा आणला. मे २०००मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि साध्या माणसाच्या हातातलं यंत्र काही मीटरच्या आत जागा सांगू लागलं. २००५मध्ये गार्मिनचे एज २०५ आणि ३०५ आले. आता आयजीपीस्पोर्ट, झॉस, मॅजीन, कूस्पो या चिनी कंपन्या आणि तैवानची ब्रायटन यांनी हे सगळं मध्यमवर्गीय खिशात आणून ठेवलं आहे.

म्हणूनच हल्ली ओळखीचं कुणी ना कुणी विचारतं, ‘पाच-सहा हजारांत कोणता घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘सायकल कशासाठी चालवतोस?’

रोज ऑफिसला जाणं, भाजी आणणं, रविवारी वीस-तीस किलोमीटर फिरून मिसळ खाणं, एवढंच असेल तर हजार-दोन हजारांचा तारवाला मीटर घ्या आणि निर्धास्त राहा. नाण्यासारखा सेल त्यात वर्षभर चालतो, चार्जिंगची कटकट नाही, उपग्रह शोधत दारात उभं राहायला नको. त्यातला सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे एकूण अंतर. साखळी किती चालली, टायर किती धावले हे त्यावरून कळतं, आणि साखळी वेळेवर बदलली की मागचे महागडे दाते वाचतात. सायकल रस्त्यावर लावून जाताना मात्र मीटर काढून खिशात घाला.

मोबाईल आहे ना, मग हे कशाला, असंही विचारतात. मोबाईल नोंद ठेवायला उत्तम आहे, पण तो पाठीमागच्या खिशात राहू द्या. आपल्याकडच्या उन्हात त्याची स्क्रीन दिसत नाही, पूर्ण उजेडावर ठेवली तर बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि पावसाचे थेंब पडले की टच वेडावाकडा चालतो. शिवाय हादरे. मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन लावल्याने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलने स्वतः २०२१मध्ये दिला होता. आपल्या रस्त्यांवर सायकलचं हँडलही काही कमी थरथरत नाही. सायकल कॉम्प्युटरची करडी स्क्रीन सूर्याचाच उजेड परतवते, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी ती स्पष्ट दिसते.

आता सरावाचं बोलू. इथे माझं मत ठाम आहे: सरावासाठी स्वस्त कॉम्प्युटर आणि चांगला छातीचा पट्टा ही जोडी, पट्ट्याशिवायच्या महागड्या कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जास्त शिकवते.

सिंहगडाच्या घाटाने मला हे शिकवलं. कित्येक वर्षं मी गोळेवाडीपासून जोरात सुटायचो आणि अर्ध्या घाटात पाय टेकायचो. वेगाचा आकडा समोर होता, पण घाटात वेग काहीच सांगत नाही. चढ बदलला की तो बदलतो. मग पट्टा घेतला. पहिल्या दिवशी पाहिलं तर पहिल्याच किलोमीटरला ठोके १७४. श्वास ठीक वाटत होता, पाय ताजे होते आणि हृदय मात्र आधीच शेवटच्या टप्प्यात पोचलं होतं. पुढच्या रविवारी ठरवलं, अर्ध्या घाटापर्यंत १५५च्या वर जाऊ द्यायचं नाही. सुरुवातीला लाज वाटावी इतकं हळू चालवावं लागलं, मागची पोरं भराभर पुढे गेली. पण त्या दिवशी मी न थांबता वर पोचलो, आणि शेवटच्या वळणांवर त्यातल्या दोघांना गाठलंही.

हे १५५ माझं आहे, तुमचं वेगळं असेल. २२०मधून वय वजा करण्याचं सूत्र फार ढोबळ आहे, त्यावर विसंबू नका. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांची चाचणी सोपी आहे. तब्येत ठणठणीत असेल तर (नसेल तर आधी डॉक्टरांना विचारून) एकट्याने सलग ३० मिनिटं जितकं टिकेल तितकं जोरात चालवायचं, आणि शेवटच्या २० मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी काढायची. तो आपला उंबरठा, म्हणजे हृदयाला बराच वेळ पेलणारी वरची मर्यादा. यासाठी कॉम्प्युटरवर लॅपचं बटण हवं, म्हणजे दहाव्या मिनिटाला ते दाबून पुढची सरासरी वेगळी मिळते. खोक्यावर हे बटण कुणी ठळक छापत नाही, पण घेताना तेच आधी विचारा. आणि बटणच हवं. घामाने ओल्या बोटांना आणि हातमोज्यांना टच मानत नाही.

पट्ट्यासोबत केडन्स सेन्सर घ्यावा, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात ते कळतं. क्रँकला रबराने बांधायची ही डबी, आता तिला चुंबकही लागत नाही. जड गिअरमध्ये ५५-६०ने रेटत गुडघे दुखवून घेणारे अनेक जण सपाटीवर ८०-९०पर्यंत आले की त्यांचा त्रास कमी झालेला मी पाहिला आहे. सेन्सर जोडण्यासाठी कॉम्प्युटरला अँट प्लस आणि ब्लूटूथ या दोन्ही बिनतारी भाषा येत असाव्यात. ब्लूटूथवर पुष्कळ पट्टे एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात, अँट प्लसवर मात्र कितीही यंत्रं ऐकू शकतात. काही अगदी स्वस्त मॉडेलांना बाहेरचा सेन्सर जोडताच येत नाही. झॉस जी आणि जी प्लस दिसायला सारखेच, पण सेन्सर घेतो तो प्लस.

वेगासाठी जीपीएस पुरेसं आहे का? सपाट रस्त्यावर आहे. दाट झाडीच्या वळणावळणाच्या घाटात मात्र यंत्र सेकंदाला एक ठिपका टाकतं, त्यातले काही ठिपके रस्त्याबाहेर पडतात, वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. ताशी सातच्या वेगाने चढताना आकडा पाच आणि नऊच्या मध्ये नाचत राहतो. ज्याला याचा त्रास होतो त्याने चाकाचा सेन्सरही लावावा, म्हणजे खडूची रेघ पुन्हा उपयोगी पडते.

उंचीचीही अशीच एक गंमत आहे. आयजीपीस्पोर्टच्या बीएससी १००एससारख्या स्वस्त यंत्रातही आता हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, आणि तो जीपीएसपेक्षा चढाची नोंद पुष्कळ चांगली ठेवतो. आठ-नऊ मीटर वर गेलं की दाब साधारण एक मिलिबार उतरतो. पण आपल्या भागात दाब रोजच हलतो: सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी, फरक तीन-चार मिलिबारचा. त्यामुळे दहाला निघून चारला परतलात तर यंत्राच्या मते तुमचं घर पंचवीस-तीस मीटर उंच झालेलं असतं. पावसात सेन्सरचं बारीक छिद्र पाण्याने बुजलं तर आकडे आणखी भरकटतात. कापडाने टिपून सुकू द्या, ठीक होतो.

बॅटरीचा हिशेब बीआरएमच्या वेळापत्रकावरून करावा. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात या लांब पल्ल्याच्या राइड आता मुरल्या आहेत. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू २०१५मध्ये आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण करून आले, तेव्हापासून तर कितीतरी नवी माणसं याकडे वळली. बीआरएमला २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ३००साठी २०, ४००साठी २७ आणि ६००साठी ४०. गार्मिनच्या एज १३० प्लसला कंपनी १२ तास देते. रविवारच्या सरावाला भरपूर, पण शेवटच्या घटकेला पोचणाऱ्या २००वाल्याला अपुरे. बीएससी १००एसला कंपनी ४० तास सांगते, किंमत मात्र पुष्कळ कमी. कंपनीच्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा धरा, कारण सेन्सर जोडले आणि रात्री दिवा लागला की बॅटरी लवकर उतरते.

नकाशाचा मोह टाळा. या किमतीत बहुतेकांवर कोऱ्या पाटीवर एक रेघ उमटते आणि वळण आलं की यंत्र वाजतं. बीआरएमला तेवढं चालतं. उष्मांकाचा आकडा तर पाहूच नका, पट्टा नसताना तो निव्वळ अंदाज असतो.

एक शेवटची बारीक गोष्ट, नुकसान सोसून शिकलेली. माझा पहिला कॉम्प्युटर रबराच्या कडीवर बसवलेला होता. दोन उन्हाळ्यांत रबराला भेगा पडल्या, एका खड्ड्यात कडी तुटली आणि यंत्र मागून येणाऱ्या ट्रकखाली गेलं. तेव्हापासून मी हँडलला स्क्रूने आवळायचा माउंट वापरतो आणि यंत्राला बारीक दोरी बांधून ती हँडलभोवती घेतो.

हातात सात-आठ हजार असतील तर पाचांच्या आसपास लॅपचं बटण असलेला, सेन्सर घेणारा, बॅटरी टिकणारा कॉम्प्युटर घ्या आणि उरलेल्यात छातीचा पट्टा. केडन्स सेन्सर पुढच्या महिन्यात. आणि घेण्याआधी तुमच्या गावच्या सायकल ग्रुपमध्ये कुणाचा तरी पट्टा एका रविवारसाठी मागून बघा. पट्टा धुऊन परत द्या.