नकली तलवारींची असली परीक्षा

मध्ययुगीन युरोपातील तलवारींच्या प्रतिकृती जमवण्याचा छंद गेल्या चार-पाच दशकांत अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात चांगलाच रुजला असून, त्यामागे चित्रपटांची मोहिनी आणि भिंत सजवण्याची हौस जितकी आहे तितकीच एक अभ्यासू जिज्ञासाही आहे. अस्सल तलवार संग्रहालयात काचेआड असते. तिचा आकार डोळ्यांना दिसतो, पण ती हातात कशी वागते हे काचेबाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. प्रतिकृती मात्र तोलता येते, मोजता येते, फिरवून पाहता येते, आणि एकाच मूळ शस्त्रावरून घडवलेल्या दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या की मूळ कारागिराने काय साधले होते आणि नकलाकाराच्या हातून काय निसटले, याचा उलगडा होऊ लागतो. या छंदातला गांभीर्याने घेण्याजोगा भाग तो हाच.

या तलवारींविषयी सर्वांत चिवट गैरसमज वजनाचा आहे. त्या प्रचंड जड होत्या, त्या पेलायला राक्षसी ताकद लागे आणि त्यांनी वार करणे म्हणजे लोखंडी पहार हाणणेच होते, ही समजूत एकोणिसाव्या शतकात पसरली आणि अजूनही पुरती मावळलेली नाही. प्रत्यक्षात एका हाताने चालवायच्या बहुतेक तलवारी एक ते दीड किलोच्या आतबाहेर भरतात, तर दीर्घखड्ग, म्हणजे गरजेप्रमाणे दुसरा हातही मुठीवर ठेवता येईल अशी लांब तलवार, बहुधा दोन किलोंच्या आतच राहते. इंग्लंडमधील लिंकन शहराजवळ विदम नदीत १८२५ साली सापडलेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली तेराव्या शतकातील तलवार सुमारे ९६ सेंटिमीटर लांब आणि १.२ किलो वजनाची आहे. तिच्या पात्यावर सोन्याच्या तारेने जडवलेल्या अक्षरांचा खात्रीशीर अर्थ अद्याप कोणालाही लावता आलेला नाही. वजनाच्या बाबतीत मात्र ती कोणतेच गूढ ठेवत नाही. मिरवणुकीत मानचिन्ह म्हणून खांद्यावर वाहायच्या भल्यामोठ्या तलवारी निराळ्या. त्या लढण्यासाठी नव्हत्याच, आणि गैरसमजाला खतपाणी घालण्यात त्यांचाही हात असावा.

तुलना करायची तर आधी वर्गीकरण हवे, आणि संग्राहकांच्या तोंडी आज जी परिभाषा आहे ती मुख्यतः युअर्ट ओकशॉट या ब्रिटिश अभ्यासकाची देणगी आहे. १९१६ ते २००२ असे आयुष्य लाभलेले ओकशॉट पेशाने चित्रकार होते, विद्यापीठीय प्राध्यापक नव्हते. त्यांनी स्वतः तलवारी जमवल्या, हाताळल्या आणि रेखाटल्या. त्यांच्याआधी नॉर्वेच्या यान पेटरसन यांनी १९१९ साली व्हायकिंग तलवारींची विभागणी मुठींच्या घडणीवरून केली होती, आणि १९२७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी ती सोपी करून सात प्रकारांत बसवली होती. हे व्हीलर म्हणजे पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झालेले आणि हडप्पा व अरिकमेडू येथील उत्खननांमुळे भारतीय वाचकांना परिचित असलेलेच व्हीलर होत. ओकशॉट यांनी त्या सातांत दोन प्रकारांची भर घातली आणि नंतरच्या, खास मध्ययुगीन तलवारींसाठी दहापासून बाविसापर्यंतचे प्रकार कल्पिले. मात्र त्यांची कसोटी मूठ नव्हे, तर पाते ही होती. पाते किती निमुळते, त्याचा आडवा छेद कसा, त्यावरची पन्हळ किती लांब आणि मूठ एका हाताची की दोन, यांवरून प्रकार ठरतो. ही पन्हळ म्हणजे पात्याच्या मध्यातून जाणारी उथळ खोबण. ती रक्त वाहून जाण्यासाठी असते ही ऐकीव गोष्ट निराधार असून, पात्याचा ताठपणा राखून वजन घटवणे हेच तिचे काम होय.

या क्रमवारीमागे चिलखताचा इतिहास दडलेला आहे. अंगावर लोखंडी कड्यांचे चिलखत घालणाऱ्या काळातील दहाव्या प्रकारचे पाते रुंद, चपटे आणि लांब पन्हळीचे असते, कारण त्याचे मुख्य काम तोडण्याचे. चौदाव्या शतकात पोलादी पत्र्यांचे चिलखत वाढत गेले तसतसा तोडण्याचा वार निरुपयोगी ठरू लागला आणि पत्र्यांच्या सांध्यांत टोक खुपसणे हाच उपाय उरला; म्हणून पंधराव्या प्रकारचे पाते मुठीशी रुंद, टोकाशी सुईसारखे आणि छेदात शंकरपाळ्याच्या आकाराचे, मधोमध कणा असलेले व ताठ होते. दहावा आणि पंधरावा हे दोनच प्रकार हाती घेतले तरी तीन-चारशे वर्षांच्या युद्धतंत्रातील बदल मनगटाला जाणवतो, आणि नवख्या संग्राहकाने एकाच घाटाच्या पाच तलवारी घेण्याऐवजी अशा परस्परविरोधी दोन घ्याव्यात हे अधिक शहाणपणाचे.

प्रतिकृतीचा कस मात्र प्रकाराच्या नावावर लागत नाही. छायाचित्रावरून बाह्याकार हुबेहूब उतरवणे सोपे असते. चुकते ती जाडी. अस्सल पाते मुठीपासून टोकाकडे जाताना केवळ रुंदीनेच नव्हे तर जाडीनेही कमी होत जाते: मुठीशी पाच-सहा मिलिमीटर असलेली जाडी टोकाजवळ दोन-अडीच मिलिमीटरवर येऊ शकते, आणि हा उतारही सरळ रेषेत नसून कोठे झपाट्याने तर कोठे सावकाश असतो. कारखान्यात पोलादाची सपाट पट्टी कापून पाते केले आणि ही घट साधली नाही, की टोकाकडे नको तितके वजन साचते. मग तो दोष झाकण्यासाठी पॉमेल, म्हणजे मुठीच्या टोकाचा जड गोळा किंवा चकती, आणखी जड केले जाते. तलवार बोटावर तोलून पाहिली तर तोलबिंदू, म्हणजे जेथे ती आडवी स्थिर राहते ती जागा, मुठीच्या आडव्या दांड्यापासून अपेक्षित दहा-बारा सेंटिमीटरवरच सापडते, विक्रेत्याच्या पत्रकातला आकडा खरा ठरतो, आणि तरीही तलवार हातात मठ्ठ वाटते. कारण वस्तुमान दोन्ही टोकांना साचल्यामुळे ती फिरवायला आणि फिरलेली थांबवायला जास्त जोर लागतो. सारख्या वजनाच्या दोन क्रिकेट बॅटींपैकी एक सहज उचलली जाते आणि दुसरी ओढावी लागते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून जाणकार संग्राहक एकूण वजन आणि तोलबिंदू या दोन आकड्यांवर समाधान मानत नाहीत. ते पात्याची जाडी ठरावीक अंतरांवर कॅलिपरने मोजून तिचा तक्ता करतात आणि मग दोन प्रतिकृतींचे तक्ते समोरासमोर ठेवतात.

आणखी एक चाचणी काहीही न मोजता करता येते. तलवार टोक वर करून सैल धरायची आणि पॉमेलवर तळव्याने हलकी थाप मारायची. पाते थरथरते, पण त्यावरची एक जागा, बहुधा मुठीपासून दोन-तृतीयांश अंतराच्या आसपासची, जवळजवळ स्थिर राहते. वार त्या जागी बसला तर हाताला हिसका कमीत कमी बसतो. चांगल्या घडणीच्या तलवारीत अशीच दुसरी स्थिर जागा नेमकी मुठीत, पकडीखाली येते. ढिसाळ प्रतिकृतीत ती भलतीकडेच सरकलेली असते आणि प्रत्येक वाराबरोबर तळवा झिणझिणतो.

जे दिसत नाही तेथे फसवणूक सर्वाधिक होते. पाते मुठीत संपत नाही. त्याचे निमुळते शेपूट मुठीच्या लाकडातून आरपार जाऊन पॉमेलच्या बाहेर येते आणि तेथे ते तापवून, रिव्हिटसारखे ठोकून पक्के बसवलेले असते. पॉमेलच्या माथ्यावर हा ठोकलेला उंचवटा निरखून पाहिल्यास हाताच्या कामाचा माग लागतो. स्वस्त शोभेच्या वस्तूंत मात्र रुंद पात्याच्या बुडाला बारीक सळई डाग देऊन जोडलेली असते आणि तिच्यावर नट आवळलेला असतो. अशी तलवार जोराने फिरवली तर पाते डागापाशी तुटून उडू शकते. शोभेच्या तलवारींत सर्रास वापरले जाणारे स्टेनलेस स्टील गंजत नाही खरे, पण एवढ्या लांबीच्या पात्यात ते ठिसूळ ठरते. त्यामुळे भिंतीवरची तलवार भिंतीवरच राहू द्यावी, हा नियम या छंदात फार आधी शिकवला जातो.

पोलादाच्या बाबतीत मात्र चांगली प्रतिकृतीही एका अर्थाने असत्य असते. आजचे कार्बन पोलाद आतबाहेर एकजिनसी असते आणि त्याला पाणी देण्याची क्रिया, म्हणजे तापवून झटकन थंड करणे व पुन्हा बेताने तापवणे, भट्टीतील तापमान यंत्राने राखून केली जाते. मध्ययुगीन लोहाराच्या हाती लहान भट्टीतून निघालेले, मळ मिसळलेले, कोठे मऊ तर कोठे कणखर असे लोखंड येई, आणि अनेक तुकडे सांधून तो पाते घडवी. धातुशास्त्राचे अभ्यासक अ‍ॅलन विल्यम्स यांनी कित्येक अस्सल पात्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा त्यांच्या टणकपणात प्रचंड तफावत आढळली. याच संदर्भात ‘उल्फबर्ट’ हे नाव कोरलेल्या, नवव्या ते अकराव्या शतकांतील तलवारींची कथा उद्बोधक आहे. अशा दीडशेहून अधिक तलवारी युरोपभर मिळाल्या असून, काहींचे पोलाद आश्चर्य वाटावे इतके शुद्ध व उच्च कार्बनयुक्त आहे. ते मुशीत वितळवलेले आणि पूर्वेकडून आलेले असावे, असे विल्यम्स यांचे मत असले तरी ते निर्विवाद नाही. उलट, नावातील अक्षरे पुढेमागे झालेल्या काही तलवारींचा धातू सामान्य निघतो. नामांकित मालाची नक्कल करून खपवण्याचा धंदा, थोडक्यात, मूळ तलवारींच्या काळातच सुरू झाला होता.

पुढे एकोणिसाव्या शतकात मध्ययुगाविषयीचे प्रेम युरोपात उफाळून आले, तेव्हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी चिलखते आणि तलवारी नव्याने बनू लागल्या. म्युनिकच्या एर्न्स्ट श्मिट यांच्या कार्यशाळेतील नकला तर इतक्या सफाईदार होत्या की त्यांतल्या काही पुढे अस्सल म्हणून विकल्या गेल्या. आजचा व्यवसाय उघडपणे प्रतिकृतींचा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या न्यू ग्लॅरस या गावी असलेली अल्बियन ही कंपनी स्वीडनचे तलवारकार पीटर यॉनसन यांच्या मोजमापांवर आधारलेली पाती संगणकनियंत्रित यंत्रावर कोरते आणि त्यानंतरचे घासकाम हाताने करते. स्वीडनचा राज्यप्रमुख स्वांते निल्सन याच्या, व्हेस्टरोस कॅथेड्रलमधील थडग्यातून मिळालेल्या तलवारीवर तिची एक प्रसिद्ध प्रतिकृती बेतलेली आहे. मध्ययुगीन कारागीर तलवारीची प्रमाणे कंपासच्या वर्तुळांनी आखत असावेत, असा सिद्धान्तही यॉनसन यांनी मांडला आहे. तो मोहक आहे, मात्र पुरेशी वर्तुळे काढली तर बऱ्याच वस्तूंत ती बसवता येतात, हा आक्षेपही विसरू नये.

या बाजारात भारताचा वाटा अनेकांच्या कल्पनेपेक्षा मोठा आहे. देहरादून येथे १९४३ साली स्थापन झालेली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी गुरखा पलटणींच्या खुकरींसाठी ओळखली जाते, आणि तिनेच घडवलेल्या युरोपी तलवारी अमेरिकेत म्युझियम रेप्लिकाज या नावाने विकल्या जातात. हाती बनलेल्या किंवा मर्यादित संख्येत निघणाऱ्या पाश्चात्त्य तलवारीची किंमत हजार डॉलरच्या सहज वर जात असताना, काही शे डॉलरांत मिळणाऱ्या भारतीय तलवारींमुळेच सामान्य पगारदार माणसाला या छंदाचे दार उघडले. महाग तलवार नेहमीच श्रेष्ठ असते असेही नाही. अतिमहाग प्रतिकृतींचा एक दोष म्हणजे त्यांची निर्दोषता: अस्सल तलवारींत पन्हळ किंचित भरकटलेली, आडवा दांडा जरासा तिरपा, पॉमेल मध्यापासून केसभर ढळलेले असे पुष्कळदा आढळते, आणि त्याने तलवारीच्या कामात काडीचा फरक पडत नसे. आरशासारखी समरूप प्रतिकृती यंत्रयुगाची आवड सांगते, तेराव्या शतकाची नव्हे.

युरोपी पात्यांची नक्कल भारतातही झाली, तीही खुद्द वापरासाठी. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली सरळ, लांब पाती दख्खनी मुठींत बसवून जी तलवार सिद्ध झाली ती फिरंग, आणि मराठा सरदारांत तिची मोठी प्रतिष्ठा होती. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनमधील लिलावातून मिळवलेली पहिले रघुजी भोसले यांची तलवार याच वंशातली, युरोपी पात्याची आहे. मात्र अशा तलवारींवर इटलीतील जेनोवाच्या लोहारांची विळ्यासारखी खूण दिसली म्हणून पाते जेनोवाचे, असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण भारतातील कारागीरही ती खूण सर्रास उमटवत. पासाऊ शहराची धावत्या लांडग्याची खूणही जर्मनीतल्याच झोलिंगेनच्या लोहारांनी अशीच उचलली होती. तेव्हा फिरंगेची पारखही शेवटी पात्याचा छेद, जाडीचा उतार आणि धातू यांवरच करावी लागते.

धारदार प्रतिकृती बाळगू इच्छिणाऱ्या भारतीय हौशी माणसाने १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे नियम आधी पाहणे इष्ट, कारण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे त्यांच्या कक्षेत येतात. देखभालीचे काम त्यामानाने सोपे आहे. कार्बन पोलादावर बोटांचे ठसेही गंज धरतात, म्हणून हाताळून झाल्यावर पाते पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा लागतो. आणि चामड्याच्या म्यानात तलवार महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि हवेतील दमटपणा मिळून पात्याला आतल्या आत खातात. कोकणासारख्या हवेत तर पावसाळ्याचे चार महिने ती म्यानाबाहेर, मेणाचा हात देऊन, कोरड्या कपाटातच ठेवणे बरे.