तक्रार करणारे चौदा जण

ॲम्स्टरडॅमच्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं: एक क्रूर प्रयोग उत्तम आहे असं लिहून मित्रांना त्यात ओढा. शेजारच्या खोलीत तक्रारीचे अर्ज ठेवलेले होते. १४९ पैकी ११४ जणांनी मुकाट लिहून दिलं, २१ जणांनी नकार दिला, तक्रार केली फक्त १४ जणांनी. 'तुम्ही काय कराल?' असं नुसतं विचारलेल्या इतर विद्यार्थ्यांपैकी मात्र सुमारे ६४ टक्के म्हणाले होते, 'आम्ही तक्रार करू!' २०१२च्या या अभ्यासात स्वभावचाचण्यांनी त्या चौदांना इतरांपासून ठळकपणे वेगळं दाखवलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. धैर्य काही मोजक्यांच्याच स्वभावात असतं, असं यातून दिसत नाही.

स्वभाव नाही, तर मग बालपणाचं काय? नाझी काळात ज्यूंना लपवणाऱ्यांच्या मुलाखती संशोधक ऑलिनर दांपत्याने घेतल्या. लपवणाऱ्यांच्या लहानपणी घरी शिक्षा कमी होती. काय आणि का चुकलं, हे आईवडील समजावून सांगत.